वाट चुकलीस तर

४ फेब्रुवारी

भोंग्या,

“वाट चुकलीस तर काय?” असं आज रेकॉर्डिंगवाल्या काकांनी मला काचेपलीकडून विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. आता घरी येऊन, चहा पिऊन, केस सोडून बसले आहे, तरी येत नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

थांब, नीट सांगते. नाहीतर म्हणशील, मास्तरीण नेहमीसारखी मधूनच सुरू झाली.

आपलं गाणं मी पुन्हा रेकॉर्ड करते आहे. ‘खिडकीत उजेड’. एकटी. तिघींचा गट मोडल्यावर कंपनीने मला ठेवून घेतलं हे तुला कळलं असेलच. पोस्टरसुद्धा लागायला लागली आहेत, पण त्यांवर मी पाठमोरी आहे. मॅनेजरबाई म्हणतात, आधी लोकांना पाठ दाखवायची, मग हळूहळू वळायचं. आई म्हणते, “एवढे केस विंचरून घेतले त्यांनी, मग तोंड का नाही काढलं फोटोत?” माझा पहिला अल्बम निघणार आहे आणि त्यातलं पहिलं गाणं लोकांच्या ओठांवरचं हवं, म्हणून आपलं.

तर मी त्या खोलीत उभी होते. तुला ती खोली आवडायची नाही. भिंतींना जाड स्पंज, पायाखाली गालिचा, टाळी वाजवली तर ती हाताबाहेर पडायच्या आधीच विरते. तू म्हणायचीस, इथे शिंकलं तरी कुणी ‘काय झालं’ म्हणणार नाही. संगीत सुरू झालं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, “खिडकीत उजेड ठेवून जाते, वाट चुकलीस तर…” आणि गप्प. पुढची ओळ आली. “दाराला कडी लावत नाही, पाऊल वाजलं तर…” पुन्हा गप्प.

काकांनी संगीत बंद केलं. “वाट चुकलीस तर काय, बाई? पुढे सांगा की. त्या चुकलेल्या माणसाला तुम्ही भर रस्त्यात सोडून दिलंत.”

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं शब्द विसरले. पण शब्द मीच लिहिलेले, विसरेन कशी? पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तोंड उघडं, दम संपलेला, आणि मी शांतपणे उभी. तू ‘दिसेल’ म्हणायची वाट बघत. मी नाही गं, माझं शरीर वाट बघत होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं तू गेलीस ते.

हे कुठून आलं ते तुला आठवत असेल. काकांना सांगायचं तर मला आमच्या लॉन्ड्रीपासून सुरुवात करावी लागली असती. हॉटेलांच्या त्या मोठ्या पांढऱ्या चादरी, त्यांची घडी घालायला दोन माणसं लागायची. आईबाबा दमले की तू मागच्या घरातून यायचीस. दोन कोपरे तुझ्याकडे, दोन माझ्याकडे, मध्ये वाफ. मी एक ओळ सुरू करायची आणि तुझ्याकडे चालत यायचं. माझा दम तेव्हाही आखूडच. चालता चालता संपायचा. माझे कोपरे तुझ्या हातात आले की ओळीचा शेवटही तुझ्या तोंडात जायचा. मग पुढची चादर. गाणं असंच झालं, घडीघडीने. स्टेजवरसुद्धा आपण तसंच गायलो, आणि लोकांना कधी कळलं नाही की एका ओळीत दोन माणसं आहेत.

मी रागावलेली नाही, हे सांगायचं होतं. तुझा पत्ता सरकारने दिला. ती आता टीव्हीवर हवामान सांगते. हो, आपल्या तिघींतली सरकार, जिची तयारी होईपर्यंत गाडी थांबायची! आता उद्याचा पाऊस थांबून राहत असेल. ती शूटिंगसाठी तुमच्या खाडीवर आली होती आणि बोटीच्या धक्क्यावरच्या कर्ण्यातून तिला तुझा आवाज ऐकू आला. बोटींच्या वेळा सांगत होतीस म्हणे. तिची बोट चुकली.

आई म्हणाली, तुझा निळा टॉवेल अजून आमच्याकडे आहे, कळव.

मास्तरीण


१३ फेब्रुवारी

भोंग्या,

उत्तर आलं नाही. धक्क्यावर पत्रं उशिरा पोचत असतील. पाण्याच्या कडेला सगळंच सावकाश चालत असेल, असं मला वाटतं. मी तुला डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करते, तेव्हा तू नेहमी धुक्यात असतेस आणि हातात माईक असतो. चप्पल कुठली आहे ते दिसत नाही.

इकडचं ऐक. रोज जाते आणि रोज शेवटचा शब्द सांडून येते. सुटा म्हणायला सांगितला तर म्हणते: दिसेल, दिसेल, दिसेल, हजार वेळा. पण ओळीत आला की नाही. काकांनी खिडकी उघडून ठेवली, दिवे मालवले, मला खुर्चीवर बसवलं, एकदा तर आडवं झोपवलं. “बाळ, तुझ्या आधी कधी कुणाला मी गादी दिली नाही,” म्हणाले.

काल मॅनेजरबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत सगळं काचेचं, बोलताना स्वतःचंच तोंड टेबलात हलताना दिसतं. स्पष्ट म्हणाल्या, “हे गाणं झालं तर अल्बम आहे. नाही झालं तर नाही. तुझ्या मागे दुसरी मुलगी तयार आहे, आणि तिला सगळे शब्द म्हणता येतात.” मी मान खाली घातली. मग त्यांनीच उपाय सांगितला. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तुझा आवाज वेगळा ठेवलेला आहे. तिथून ते शब्द उचलायचे आणि माझ्या ओळींना जोडायचे. सांधा दिसणार नाही, काका हुशार आहेत. स्टेजवर ते शब्द मागून वाजतील, मी ओठ हलवायचे. “कुणाला कळणार आहे? आणि हवेच आहेत लोकांना ते आवाज, दोन्ही.”

तू हसशील. मास्तरणीचा कायदा! आठवतंय? ‘जे गळ्यातून येत नाही ते ओठांवर आणायचं नाही.’ पहिल्या कार्यक्रमाला साउंडवाला म्हणाला होता, टेप लावतो, तुम्ही फक्त नाचा. मी माईक खाली ठेवून स्टेजच्या पायरीवर बसले होते. सरकार म्हणाली, “हिला पदवी मिळाली की देशाचं काय होईल!” आणि तू माझ्या शेजारी येऊन बसलीस. तू बसलीस म्हणून सरकार बसली. साउंडवाल्याने टेप काढून घेतली.

पदवी मिळाली. तुला हे माहीत नाही, तू गेल्यानंतर निकाल लागला. बाबांनी काळ्या झग्यातला माझा फोटो इस्त्रीच्या टेबलावर भिंतीला लावला आहे. वाफेने काच धूसर होते, मग ते बाहीने पुसतात, मग पुन्हा धूसर. आत्या आली होती. फोटोकडे बघून म्हणाली, “आपल्या घरात पहिली शिकली ती पोरगी, आणि करते काय, तर तंग कपडे घालून उड्या.” बाबा म्हणाले, “उड्या नाही, ताई. आता ती एकटी गाणार आहे. उभी राहून.” आत्याला तेवढ्याने बरं वाटलं.

शिकलेल्या मुलीने खोटं गाऊ नये, असं मला अजून वाटतं. हे कुणाजवळ बोललं की लोक डोक्यावरून हात फिरवतात. गाण्याने माणूस थोडा तरी खरा व्हावा, नाहीतर एवढा आवाज कशाला करायचा? तू मला यावर कधी हसली नाहीस. जांभई द्यायचीस फक्त.

आता त्या दिवसाबद्दल. मी लिहिणार नव्हते. आपली गाडी पेट्रोल पंपावर थांबली होती, ऊन होतं, सरकार झोपली होती. तू म्हणालीस, “पाणी घेऊन येते.” बॅग कशाला नेलीस हे मला विचारायला हवं होतं, पण मी परीक्षेचं पुस्तक वाचत होते. गाडीचं दार उघडं ठेवून आम्ही किती वेळ बसलो. तुझ्या सीटवर ऊन सरकत सरकत आलं आणि गेलं. मग मॅनेजरबाईंना फोन आला आणि त्या म्हणाल्या, चला.

नंतर मला कळलं की त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तुला सांगितलं होतं, पुढे फक्त मास्तरणीला ठेवणार. मला नव्हतं सांगितलं. तुला सांगितलं. म्हणजे तू माझ्यासाठी गेलीस. तू असतीस तर मी तिघींशिवाय गाणार नाही म्हणाले असते, पायरीवर बसले असते, हे तुला माहीत होतं. मी इतके दिवस हे मनात धरून चालते आहे. स्टेजवर जाताना, जिना उतरताना. कुणीतरी माझ्यासाठी बाजूला झालं आहे, म्हणजे मला चांगलं गायलंच पाहिजे.

म्हणून विचारते. तुझा आवाज घेऊ का? तू हो म्हणालीस तर तो खोटा राहणार नाही, असं मला वाटतं. नाही म्हणालीस तर नाही. फक्त काहीतरी म्हण.

मास्तरीण


२ मार्च

भोंग्या,

तुझं पत्र आलं. पाकिटाला मिठाचा वास होता, किंवा मीच तो लावला. मी ते बाबांच्या दुकानात, कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून वाचलं. तुझंच तुला लिहून पाठवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला विसरता येणार नाही:

“मास्तरीणबाईंना,

दोन्ही पत्रं मिळाली. मी तुझ्यासाठी गेले हे डोक्यातून काढून टाक. मी माझ्यासाठी गेले. गाडीत मला मळमळायचं, नाच कधी आला नाही, आणि रोज आरशासमोर बसून हसायची प्रॅक्टिस करायचा वीट आला होता. मॅनेजरबाईंनी ते सांगितलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी दोन प्लेट जेवले. तुला सांगितलं असतं तर तू पायरीवर बसली असतीस आणि मला तुझ्या शेजारी बसावं लागलं असतं. आयुष्यभर. म्हणून पाणी आणायला गेले.

इथे मला कुणी बघत नाही, फक्त ऐकतात. बोट सुटते, बोट येते. मला आवडतं.

आवाज हवा असेल तर घे. मला काही फरक पडत नाही. पण मी हो म्हटलं म्हणून खोट्याचं खरं होतं, हे कुठल्या कॉलेजात शिकवलं तुला? तू ठरव. माझ्या अंगावर टाकू नकोस.

टॉवेल राहू दे.

भोंगा”

वाचून मी आधी पत्राची घडी घातली. मग उघडली. मग बाबांना म्हटलं, “ती माझ्यासाठी गेलीच नव्हती.” बाबा म्हणाले, “मग बरंच झालं की. तुला वाकून चालायची सवय लागली होती.”

मी रागावलेली नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. रागावले होते, पण त्यागावर रागावता येत नाही म्हणून दाबून ठेवलं होतं. आता तुझा त्याग गेला, तर राग मोकळा झाला. दिवसभर मी तुझ्यावर मस्त चिडले. एक शब्द सांगून जाता येत नव्हतं का गं, गाढवे? मी त्या पाण्याची अजून वाट बघतेय मनात. सरकार उठून म्हणाली होती, “कुठे गेली ही? माझा कंगवा तिच्याकडे आहे.” आणि मी तिला म्हटलं, येईल. येईल, येईल, म्हणत बसले. दोन प्लेट जेवलीस तू!

चिडून चिडून दुपारपर्यंत दमले. मग काहीतरी हातात हवं म्हणून चादरी घ्यायला गेले. आईचं मनगट दुखतं हल्ली, तर बाबांनी भिंतीला एक आकडा मारला आहे. चादरीचा एक कोपरा त्यात अडकवायचा आणि दुसरीकडून आपण. मीही केलं. आकडा काही पुढे चालत येत नाही. मध्ये चादर झोळ धरते, कोपरा ओल्या फरशीला लागतो, पुन्हा धुवायला. दोन चादरी मी तशा मळवल्या.

बाबा म्हणाले, “त्या राहू देत, आम्ही संध्याकाळी दोघं घालू. तू अभ्रे घे.”

मी उशांचे अभ्रे घेतले. एकेक अभ्रा छातीशी धरायचा, हनुवटीखाली, दोन हात मिटायचे, झालं. छोटे, कोमट, पांढरे. कुणाची वाट बघावी लागत नाही. वाफ दारातून बाहेर जात होती आणि बाहेरचं ऊन आत येत होतं, आणि माझा ढीग वाढत गेला, सरळच्या सरळ. मध्येच लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. आपलं गाणं नव्हे. दोन-तीन शब्द, की अभ्रा मिटला. पुन्हा दोन-तीन शब्द. एकाही जागी मी थांबले नाही.

आई दारात उभी राहून ऐकत होती. “हे कुठलं?” म्हणाली.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “आत्ताच आलं.”

“छोटंसंच आहे.”

“हो.”

“मग लक्षात राहील,” म्हणाली आणि आत गेली.

मास्तरीण


१६ मार्च

भोंग्या,

मी आले होते. तुला भेटले नाही.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पुढचं वाचताना पायऱ्या उतरून धावणार नाहीस. तू धावणार नाहीस म्हणा, पण मला तसं वाटायला आवडतं.

रेकॉर्डिंगला सुट्टी घेतली. मॅनेजरबाईंना म्हटलं, घसा आराम मागतोय. घशाचं नाव घेतलं की त्या काही विचारत नाहीत. सकाळी पोचले तेव्हा खाडीवर खरंच धुकं होतं, मी कल्पनेत आणलं होतं तसंच, फक्त त्याला डिझेलचा वास होता. पलीकडचा किनारा नव्हताच. धक्का पाण्यात थोडा गेला होता आणि पुढे पुसून टाकला होता. लोक त्या पुसलेल्याकडे तोंड करून रांगेत उभे होते, हातात पिशव्या, सायकली, एकाकडे आरसा होता आणि त्या आरशातसुद्धा धुकंच. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. डोक्याला स्कार्फ होता. माझी पोस्टर पाठमोरी आहेत त्यामुळे समोरून मला कुणी ओळखत नाही, हा एक फायदा.

वर तिकीटघराच्या माळ्यावर तुझी काचेची खोली दिसली. आत दिवा होता. कुणीतरी हललं. तूच असशील.

मग कर्ण्यातून घंटा वाजली. टिंग टाँग. सगळ्यांनी माना वर केल्या. आणि काहीच नाही. कर्णा नुसता चालू, त्यातून तुझ्या खोलीतली शांतता ऐकू येत होती, एक खुर्ची, दूरचं पाणी. मला वाटलं बिघडलं. मग तुझा आवाज आला, जाड, गोल, होता तसाच. “…पलीकडे जाणारी बोट सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी सावकाश चढावं.”

माझ्या पुढे एक आजी होत्या, टोपली घेतलेल्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, “ह्या बाई आधी घंटा वाजवतात आणि मग आठवतात काय सांगायचं ते.”

“नवीन आहेत का?”

“कसल्या नवीन! सवय झाली आम्हाला. तेवढ्यात चप्पल घालून होते.”

मी बोटीत चढले नाही. बाजूला झाले आणि पुढच्या बोटीची वाट बघत राहिले. बोट धुक्यात गेली, आधी माणसं पुसली गेली, मग झेंडा, मग फक्त इंजिनचा आवाज राहिला आणि तोही मऊ झाला. बऱ्याच वेळाने पुन्हा घंटा वाजली. पुन्हा तू थांबलीस.

त्या थांबण्यात मी ती अर्धी ओळ म्हणून बघितली. मनातल्या मनात, ओठसुद्धा न हलवता. खिडकीत उजेड ठेवून जाते, वाट चुकलीस तर. माझा दम संपला, आणि तुझा आवाज सुरू झाला.

बरोबर बसली, भोंग्या. केसाचंही अंतर नाही. पुढच्या बोटीला पुन्हा बघितलं. पुन्हा बसली.

तुला हे माहीत आहे का, ठाऊक नाही. सांगू नये असं मला परतीच्या वाटेवर वाटत होतं. पण तू मला टाकून गेलीस म्हणून मी ओळींचे शेवट हरवले असं मी सगळ्यांना सांगत फिरते आहे, आणि तू तिकडे रोज सुरुवातीजवळ थांबतेस, हे एकटीच्या पोटात ठेवायला फार मोठं आहे. तू सुखात आहेस हे खरं. तुझ्या आवाजात ऐकू आलं, तिथे मला शंका नाही. पण तुझ्या शरीरालाही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

वर यावं असं खूप वाटलं. जिन्यापर्यंत गेले. लाकडी जिना, कठडा ओला. पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि मग विचार केला की मी वर आले तर तुझ्या शेजारी बसेन, आणि मग आपण दोघी तिथेच बसून राहू, आणि बोटी कुणी सोडायच्या?

तिकीट देणाऱ्या माणसाकडे एक पिशवी ठेवली आहे. त्यात टॉवेल आहे. राहू दे म्हणाली होतीस, पण आईने धुऊन, इस्त्री करून दिला, मी काय करू?

तो म्हणाला, “कोणी दिली म्हणून सांगू?”

मी म्हटलं, “लॉन्ड्रीवाल्यांनी.”

मास्तरीण


२९ मार्च

भोंग्या,

हे लिहिते आहे तेव्हा सगळं होऊन गेलेलं आहे, त्यामुळे सल्ला देऊ नकोस.

सोमवारी मी मॅनेजरबाईंच्या काचेच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “खिडकीत उजेड मी गाणार नाही.” त्यांना वाटलं मी तुझा आवाज घ्यायला तयार झाले, तेच सांगायला आले. त्या फोनवर होत्या, हाताने ‘बस’ म्हणाल्या. मी बसले. फोन संपल्यावर पुन्हा म्हटलं. “गाणार नाही. तिच्या आवाजासकट नाही आणि तिच्या आवाजाशिवायही नाही. ते दोघींचं आहे. एकटीने घातलं तर जमिनीला लागतं.”

“काय लागतं जमिनीला?”

“कोपरा,” मी म्हटलं.

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. वाईट नाहीत गं त्या, दमलेल्या आहेत. म्हणाल्या, “शिकलेल्या मुली घेऊ नयेत असं मी पहिल्यापासून म्हणत होते.” मग म्हणाल्या, “जुनं गाणं नाही तर अल्बम नाही, हे कळतंय ना तुला? पोस्टर उतरतील. दुसऱ्या मुलीचं काम मी उद्यापासून सुरू करणार.”

कळतंय, म्हटलं. मग मी त्यांना ते छोटं गाणं म्हणून दाखवलं. तिथेच, बसल्या बसल्या, टेबलात माझं तोंड हलताना बघत. त्यात तीन शब्दांपेक्षा मोठी ओळ नाही. बोट सुटली. धुकं आहे. मी आहे. घंटा वाजली. थांबले थोडी. मी आहे. असं पुढे. ते मी तिकडून परतताना गाडीत पूर्ण केलं. चाल मात्र अभ्र्यांची.

ऐकून त्या उठल्या. खिडकीजवळ गेल्या, एक रोपटं आहे तिथे, त्याचं वाळलं पान काढलं. “हे कुणी नाचेल असं वाटत नाही मला,” म्हणाल्या. “एक गाणं. अल्बम नाही, पोस्टर नाही, कुणी विचारलं तर मी तुला थांबवलं होतं असं सांगणार. चाललं तर बघू. बुधवारी काका मोकळे आहेत.”

बाबांना घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या होतीच. “म्हणजे सगळं गेलं?” म्हणाली. “सगळं नाही,” बाबा म्हणाले, “एक आहे.” आणि फोटोची काच पुसायला उठले. बाबांना वाईट वाटलं की ते फोटो पुसतात. आई म्हणाली, “आता पोस्टर उतरवणार असतील तर एक मागून घे. पाठ तर पाठ.”

मला भीती वाटते आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. लोक आपलं गाणं मागतील आणि मी देणार नाही, मग ते जातील. जाऊ शकतात. ते गाणं मी फेकलेलं नाही. निम्मी घडी घालून ठेवलं आहे, दोन कोपरे बाहेर राहिले आहेत.

बुधवारी गेले. तीच खोली, तेच स्पंज. काकांनी सवयीने गादी काढायला सुरुवात केली, मी म्हटलं, उभीच गाते. त्यांनी हेडफोन दिला आणि काच सरकवण्याआधी म्हणाले, “बाळ, ते राहिलंच. वाट चुकलीस तर काय?”

“त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, काका,” मी म्हटलं. “ज्या मुलीकडे आहे ती खाडीवर बोटी सोडते.”

“मग कधी गेलो तिकडे तर विचारतो,” म्हणाले, अगदी मनापासून, आणि काच लावून घेतली.

दिवा लाल झाला. मी डोळे मिटले नाहीत या वेळी. काचेतून काका दिसत होते आणि काचेवर मीही दिसत होते, पुसट, समोरून. पहिली ओळ म्हटली. दम पुरला. दुसरी म्हटली. गाणं छोटं आहे, लवकर शेवटाला आलं. शेवटची ओळ आली आणि काका, बिचारे, सवयीने पुढे वाकून थांबले. मीही क्षणभर थांबले. त्या थांबण्यात तू होतीस. मग मी शेवटचा शब्द म्हटला, आणि दिवा विझला.

मास्तरीण